काढ्याचा गळीत हंगाम

शिरोळ तालुक्यात पूर्वी दोनच हंगाम धरायचे, पुराचा आणि उसाचा. पूर ओसरला की जयसिंगपूरला ऊस परिषद, परिषद उरकली की कोयता, कोयता थांबला की पुन्हा आभाळाकडं डोळे. २०२० पासून या दोहोंच्या फटीत तिसरा हंगाम घुसलाय, प्रतिकारशक्तीचा. याला एफआरपी नाही, पहिली उचल नाही, दरासाठी कोणी रस्ता अडवत नाही आणि काटामारीची तक्रार तर आजवर एकानंही केलेली नाही. तरी गाळप असं जोरात की बांधावरच्या ज्या कडुलिंबावर गुळवेल चढली होती, तो आता नागडा उभा आहे.

वाटेत कोणी भेटलं की 'जेवलासा का?' विचारायची आपली पद्धत. कोरोनाच्या दोन वर्षांत तिच्या जागी 'काढा घेतलासा का?' आलं, आणि थंडी पडली की ते अजूनही ऐकू येतं. नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं की समोरचे आण्णा चार पावलं मागं सरतात आणि अशा नजरेनं बघतात, जणू उद्या गल्लीत कोणी शिंकलं तर नाव तुमचंच निघणार.

आयुष मंत्रालयानं एप्रिल २०२० मध्ये काढ्याचं माप छापून दिलं होतं. तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, काळी मिरी एक, आणि तेही दिवसातनं एकदा-दोनदा. पण मिरी किती घालायची हे दिल्लीनं कोल्हापूर जिल्ह्याला सांगायचं म्हणजे काय? काढ्याला तांबड्या रश्श्याचीच मापं लागली. मिरी मूठभर, लवंग मनाला येईल तेवढी, वर आल्याचा गड्डा ठेचून. पिऊन घाम फुटला तर 'लागू पडला', नाही फुटला तर 'अजून दोन दिवस घ्या', आणि छातीत जळजळ सुटली तर 'आतला विषाणू जळतोय'. मग त्या जळजळीवर मेडिकलमधून गोळी. गोळीनं पोट बिघडलं की पुन्हा काढा. असं हे चक्र एकदा फिरायला लागलं की बॉयलर विझत नाही.

सरकारही मागं नव्हतं. ग्रामविकास खातं तेव्हा आपल्याच जिल्ह्यातल्या, कागलच्या हसन मुश्रीफ यांच्याकडं होतं. ग्रामीण महाराष्ट्रातल्या ५ कोटी लोकांना आर्सेनिकम अल्बम ३० या होमिओपॅथीच्या गोळ्या फुकट वाटायचं त्या खात्यानं जाहीर केलं. त्यातला ३० हा आकडा फार मोलाचा. मूळ पदार्थ शंभर पट पातळ करायचा, त्यातला एक भाग घेऊन पुन्हा शंभर पट, असं तीस वेळा. म्हणजे एकावर साठ शून्यं. कोयना १०५ टीएमसीची, अलमट्टी १२३ टीएमसीची. ही दोन्ही धरणं त्या औषधानं काठोकाठ भरली आणि तळ दिसेपर्यंत प्यायली, तरी मूळ पदार्थाचा एक कण पोटात गेला असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. अलमट्टीच्या पाण्यावरनं आपण कर्नाटकाशी इतकी वर्षं भांडतोय, पण त्याचा असा औषधी उपयोग दोन्हीकडच्या एकाही जलसंपदामंत्र्याला सुचला नाही. बाकी त्या साबूदाण्यांनी कोणाचं वाईट झालं नाही, हे कबूल केलं पाहिजे. गोड होते. पोरांनी बाटल्या एका दमात संपवल्या.

लग्नसराई आटपली की मंगल कार्यालयं मोकळी पडतात. मग तिथं 'मोफत आरोग्य परिसंवाद' भरतो. पन्नास खुर्च्या, एक पडदा, आणि उकाड्यातही कोट घातलेला एक वक्ता, ज्याच्या नावाआधी डॉक्टर असतं आणि नावानंतर काहीच नसतं. तो पेलाभर पाणी घेतो. त्यात आयोडिनचे थेंब टाकतो, पाणी तपकिरी होतं. 'हे तुमचं आजचं रक्त.' पुढच्या रांगेतल्या मावशी पदर तोंडाला लावतात. मग तो खिशातली बाटली काढून 'बावीस फळांच्या अर्काचे' चार थेंब सोडतो. पाणी चटकन नितळ. 'आणि हे आमचं किट घेतल्यानंतरचं!' टाळ्या. मागच्या रांगेत दहावीतलं एखादं पोर बसलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, की क जीवनसत्त्व असलेलं काहीही घाला, आयोडिनचा रंग जातोच. लिंबू पिळलं तरी जातो. पण पोरांना परिसंवादाला आणत नाहीत. किटची किंमत विचारायची नसते, तिला 'गुंतवणूक' म्हणतात. आपल्याखाली सहा माणसं जोडली की ती फिटते. सहाव्या माणसापर्यंत पोचता पोचता भावकीतल्या निम्म्या घरांशी बोलणं बंद होतं. तेवढीच संसर्गाची भीती कमी.

क जीवनसत्त्वाची ही भुरळ पडलेले आपणच पहिले नव्हे. दोन नोबेल मिळवलेले लायनस पॉलिंग १९७० साली पुस्तक लिहून सांगत होते, की याचे मोठे डोस घ्या, सर्दी पळेल. पुढं अनेक चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा कळलं, की सर्वसाधारण माणसाला सर्दी व्हायची ती होतेच. रोज नेमानं गोळी घेणाऱ्या मोठ्या माणसाची सर्दी सुमारे ८ टक्के लवकर बरी होते. म्हणजे सात दिवसांची सर्दी साडेसहा दिवसांत. अर्ध्या दिवसाच्या त्या नफ्यासाठी घरातला पेरू सोडून बाटलीच्या मागं लागायचं का, हे ज्यानं त्यानं आपल्या खिशाला विचारावं.

पण मुळात ही प्रतिकारशक्ती 'वाढवायची' म्हणजे काय करायचं, हे शिरोळकरांना कोणी शिकवायला नको. आपल्या इथली जमीन बघा. पाणी मुबलक म्हणून उसाला दिलं, आणखी दिलं, खताची पोती रिकामी केली, शेजाऱ्यानं चार दिलं तर आपण पाच. जास्त घातलं तर जास्तच पिकणार, हे गणित. वीस-पंचवीस वर्षांनी रान पांढरं पडलं, मीठ वर आलं, आणि एकरी टनाच्या बाता मारणारा गडी कुसळं बघत बसला. मग दत्त साखर कारखान्यानं गणपतराव पाटलांच्या पुढाकारानं जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून पाण्याचा निचरा सुरू केला, तेव्हा कुठं हजारो एकर क्षारपड रान पुन्हा पिकाखाली यायला लागलं. त्या रानाला आणखी काही घालायचं नव्हतं. आत साठलेलं बाहेर काढायचं होतं. शरीराच्या आतली फौजही याच मातीची आहे. तिला वाफसा लागतो. ती गरजेपेक्षा पेटली, तर धुळीच्या कणावर हल्ला चढवते आणि सकाळपासून शिंका सुटतात. आपल्याच सांध्यांना शत्रू समजते आणि संधिवाताचा एक प्रकार जडतो. कोटवाल्या वक्त्याच्या बाटलीनं खरोखरच शक्ती दुप्पट झाली असती, तर पहिल्या रांगेतल्या मावशी महिन्याभरात उठून बसायला मोताद झाल्या असत्या. बाटलीत तसलं काही नाही हीच मावशींची पुण्याई.

हे फार लांबचं वाटत असेल तर जानेवारी २०२५ मधलं पुणं आठवा. सिंहगड रस्ता, नांदेड गाव त्या पट्ट्यात गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडले. हातापायातली ताकद जायची, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, उलट ती चुकीच्या घरात शिरते. पोटात गेलेल्या जंतूशी लढता लढता स्वतःच्याच मज्जातंतूंवर वार करते. आणि तो जंतू आला कुठून म्हणून शोध घेतला, तर संशयाचं बोट पुन्हा पिण्याच्या पाण्याकडं. पुणेकरांनी तेव्हा काय केलं? पाणी उकळलं, हे चांगलं केलं. आणि त्याच उकळत्या पाण्यात गुळवेल टाकली.

गुळवेलीबद्दल बोलणं म्हणजे आपल्याकडं देवघरात चप्पल घालून जाण्यासारखं मानतात, तरी सांगतो. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयानं लगेच आक्षेप घेतला, की ती वेल गुळवेलच होती का, तिच्यासारखी दिसणारी दुसरी नव्हती कशावरून? वाद रास्त आहे. पण मंत्रालयातल्या जाणकारांना जी ओळखायला पुरावा लागतो, ती वेल आमचे आण्णा पहाटे पाच वाजता, चष्मा घरी विसरून, मोबाइलच्या उजेडात बरोब्बर ओळखतात आणि वर गल्लीला वाटतात.

मग प्रकृतीला खरोखर मानवणारं काहीच नाही का? आहे की. फुकट आहे, नैसर्गिक आहे, आणि म्हणूनच त्याचा परिसंवाद भरत नाही. उदाहरणार्थ झोप. २०१५ साली छापून आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या संशोधकांनी १६४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले आणि त्यांना हॉटेलात ठेवून वाट बघितली. रात्रीला सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी व्हायची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीवर निघाली. एवढा फरक पाडणारं चाटण अजून कोणी बाटलीत भरलेलं नाही. तेव्हा शिरोळच्या शेतकऱ्यानं रोज सात तास झोपावं. फक्त एवढं महावितरणला कळवावं. कारण शेतीपंपाची लाईट बरीच वर्षं एक आठवडा दिवसाची तर एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या पाळीत गडी डोक्याला बॅटरी बांधून सरीतनं पाणी फिरवतोय, पायाखाली साप आहे का बघतोय, नदीकडेचं रान असेल तर मगरीचाही कानोसा घेतोय. दिवसा दहा तास वीज द्या म्हणून शेतकरी नेते राजू शेट्टी फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल्हापुरात महावितरणच्या दारात धरणं धरून बसले होते. त्या आंदोलनाचं वर्णन वर्तमानपत्रांनी 'शेतकऱ्यांचा वीजप्रश्न' असं केलं. 'इम्युनिटी बूस्टर' असा मथळा दिला असता तर शहरातनंही गर्दी झाली असती.

दुसरं, साखर कमी खा. हे वाक्य शिरोळ तालुक्यात हळू आवाजात म्हणायचं असतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. पाच माणसांच्या घराला महिन्याचा हिशेब पावणेचार किलो. त्यातच चहा, शिरा, बिस्कीट, सगळं. सभासदाला सवलतीची साखर घरपोच आली की हा हिशेब पोत्याच्या तोंडाशीच सुटतो. यावर आपल्याकडं तोड म्हणजे गूळ. 'साखर विष, गूळ औषध' असं म्हणत एक गृहस्थ चहात गुळाचे तीन खडे टाकतात आणि साखर वाढली की उसालाच दोष देतात. खडा उसाचाच आहे आणि शरीराला त्याची गावकी-भावकी कळत नाही, हे त्यांना सांगायला गेलं तर ते नृसिंहवाडीहून आणलेली बासुंदी पुढं करतात. प्रसाद म्हटल्यावर ग्रॅम कोण मोजतंय? मधुमेह हाताबाहेर गेला की जंतुसंसर्ग घट्ट धरून बसतो, जखम भरत नाही, हे ज्या घरात पायाचं बोट काढावं लागलंय त्या घराला विचारा. तिथं कोणी किट विकायला जात नाही.

तिसरं, भाजी. कृष्णाकाठच्या वांग्यांचं नाव काढलं की लांबच्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं. आपल्या तालुक्याची भाजी संध्याकाळी गाडीत चढते आणि पहाटे मुंबई-पुण्याच्या ताटाच्या दिशेनं लागते. गोव्यालाही जाते. मेथी, पालक, कोथिंबीर, ताजी लुसलुशीत. ज्यानं पिकवली त्याचं पोरगं तेवढ्यात कोपऱ्यावरच्या दुकानातनं पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट फोडून बसलेलं असतं, आणि ते अशक्त दिसतंय म्हणून बाप परिसंवादातनं पालकाच्या अर्काच्या गोळ्या घेऊन येतो. तो पालक आपल्याच रानातनं गेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. व्यायामाचं म्हणाल तर आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चाललं तरी पुष्कळ. शिरोळ-वाडी रस्त्यावर पहाटे तसं चालणारे खूप आहेत. ते परत कुठं वळतात आणि वळल्यावर भज्याची गाडी लागते का, एवढंच बघायचं.

चौथं, लस. पण लस म्हटलं की तोंडं वाकडी होतात. 'ते केमिकल हाय, आपल्याला नैसर्गिक पाहिजे.' वॉल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. विकणारा आपला माल आधी स्वतः घेऊन बघतो, हा प्रकार आता फारच जुना झाला. अंगातल्या फौजेला शत्रूचा फोटो आधी दाखवून ठेवायचा, एवढंच लस करते. पुढची लढाई शरीर आपली आपण, पूर्ण नैसर्गिकपणे लढतं. आणि नैसर्गिक म्हणजे चांगलंच असतं, हे कोणी ठरवलं? कावीळ नैसर्गिक आहे. नागाचं विष नैसर्गिक आहे. पुरानंतरचा लेप्टो तर शंभर टक्के सेंद्रिय. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर चिखल तुडवत घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंच्या हातात गोळ्यांच्या पट्ट्या आणि पाण्यात टाकायचं क्लोरीन होतं. त्यांना मानधनासाठी दरवर्षी मोर्चा काढावा लागतो. कोटवाल्या वक्त्याला कधी मोर्चात बघितलंय?

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे पंचगंगा. इचलकरंजी ओलांडून ती आपल्या तालुक्यात शिरते, ती सांडपाणी, रंग, केंदाळ असा सगळा संसार डोक्यावर घेऊनच. तेरवाडच्या बंधाऱ्याला पाणी काळं होऊन मेलेल्या माशांचा खच पडायचं आता कोणाला नवल राहिलेलं नाही. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी येतात, नमुने घेतात, पंचनामा होतो, नोटिसा जातात. वरच्या गावचा कारखानदार म्हणतो आमचं पाणी नव्हे, महापालिका म्हणते आमचं तर नव्हेच. सगळे कागद खरे धरले, तर निष्कर्ष एकच उरतो, की तेरवाडच्या माशांची प्रतिकारशक्ती कमी पडली. त्यांनी काढा घेतला नव्हता.

माणसांचं तरी वेगळं काय? २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. पाण्यातनं पसरणारी कावीळ कोणी हळदीचं दूध घेतलंय म्हणून दार चुकवत नाही. तिला अडवायला पाइपात सांडपाणी न मिसळणं आणि टाकीत क्लोरीन असणं, एवढं लागतं. यासाठी गावोगावी व्यवस्था आहे. पाण्याच्या स्रोतांची तपासणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. टाकीत टीसीएल पावडर कालवायला जलसुरक्षक असतो. त्यानं रोज नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करायची: नळीत पाणी, त्यात द्रावणाचे थेंब, पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे, पाणी प्यायला ठीक. हा पेल्यातल्या आयोडिनच्या नेमका उलटा खेळ. तिथं रंग गेला की टाळ्या, इथं रंग आला पाहिजे. त्यामुळं लोकांचा घोळ होतो. तालुक्यातल्या एका गावात (नाव नको, सगळ्यांनाच आपलं वाटेल) ग्रामसभेत ही नळी हातोहात फिरवली. पाणी होतं तसंच पांढरं. जाणते म्हणाले, बघा, किती स्वच्छ पाणी, टिपूसभर रंग नाही!

त्याच सभेत एका ताईंनी उठून विचारलं, पावडर संपून किती दिवस झाले? जलसुरक्षकानं सरपंचांकडं बघितलं, सरपंचांनी ग्रामसेवकांकडं, ग्रामसेवकांनी वहीकडं. वही बोलेना. तेवढ्यात मागनं एकजण ओरडला, पावडर घालूच नका, पाण्याला वास मारतोय, आम्हाला नैसर्गिक पाणी पाहिजे. त्याला चांगला पाठिंबा मिळाला. पुढचा विषय निघाला: परिसंवादवाल्यांना समाजमंदिराचा हॉल बिनभाड्यानं द्यावा का? तो एकमतानं मंजूर.

सभा उठल्यावर ताईंनी सरपंचांना पायरीवर गाठलं. सरपंच भला माणूस, खोटं बोलला नाही. म्हणाला, "ताई, पावडर जास्त झाली की सकाळी सातला बायका हंडं घेऊन माझ्या दारात असतात. कावीळ झाली म्हणून आजवर पंचायतीत कोण आलंय सांगा? त्याला गावठी औषध असतंयच की."